हूटर गेटवर वाजतो, माणूस चेंबरमध्ये असतो

मा. जिल्हा अग्निशमन अधिकारी साहेब, फॅक्टरीज अँड बॉयलर्स खात्याचे साहेब, आणि बेळगाव, संकेश्वर, निपाणी, चिकोडी, अथणी भागातल्या सगळ्या कोल्ड स्टोरेज मालक मंडळींना,

नमस्कार.

मी वायरमन आहे, आयटीआय केलेला. गेली अठरा वर्षं निपाणीपासून अथणीपर्यंतच्या पट्ट्यात कोल्ड स्टोरेज, दुधाच्या डेअऱ्या, आईस्क्रीमचे डेपो, बेदाण्याची गोडाऊनं असल्या ठिकाणी मेंटेनन्सची कामं करतोय, आणि या सगळ्या ठिकाणी फायर अलार्मची एकच गोष्ट बघत आलोय जी मला आता तुमच्यासमोर मांडल्याशिवाय राहवत नाही. अलार्म ऑफिसात ऐकू येतो, गेटवर ऐकू येतो, रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर सुद्धा ऐकू येतो, पण ज्या थंड चेंबरमध्ये दार लावून माणूस काम करत असतो तिथं तो ऐकू येत नाही. बाकी पत्रात जे काही आहे ते सगळं या एका गोष्टीबद्दल आहे.

आधी जे डोळ्यांनी बघितलं ते सांगतो. जागेचं नाव घेत नाही कारण ते मालक वाईट नाहीत आणि त्यांनी नंतर दुरुस्ती पण केली. जानेवारीचे दिवस होते, मी तिथं कॉम्प्रेसर रूममध्ये एक कॉन्टॅक्टर बदलत होतो. तिथला एक चेंबर वजा वीस डिग्रीचा, फ्रोझन माल असतो त्यात. असल्या चेंबरच्या दाराच्या चौकटीत एक हीटरची वायर फिरवलेली असते, ती नसली तर दमट हवेचं बर्फ होऊन दार चौकटीला चिकटून बसतं. त्या हीटरचं जंक्शन बॉक्समधलं कनेक्शन ढिलं होतं, ते तापून तापून जळलं आणि अँटी रूममध्ये, म्हणजे चेंबरच्या दाराबाहेरच्या छोट्या खोलीत, काळा धूर सुटला. एका पोराने ब्रेक ग्लास, म्हणजे अलार्मच्या बटणावरची काच, फोडली, हूटर वाजला, सगळे पळत अंगणात आले, ऑपरेटरने मेन बंद केला, कुणीतरी पावडरचा सिलेंडर मारला आणि धूर बसला. मग सुपरवायझर माणसं मोजायला लागला आणि दोन कमी भरली.

ते दोघं आत होते. हूटर वाजून बराच वेळ झाला होता, नंतर पॅनेलच्या लॉगमध्ये बघितलं तर अकरा मिनिटं. सुपरवायझर आणि मी तोंडाला ओला रुमाल लावून अँटी रूममधून गेलो, दार ओढलं, पांढरं धुकं पायावरून बाहेर आलं आणि आत बघतो तर सगळ्यात मागच्या थप्पीला दोघं बॉक्स लावत होते. जर्किन, हातमोजे, कानावरून ओढलेली माकडटोपी, त्यावर जर्किनची टोपी. एक ओडिशाचा आणि एक हुक्केरीकडचा. हुक्केरीचा म्हणतो, "काय झालं की हो? गाडी आली काय?"

त्याला काहीच माहीत नव्हतं. आग लहान होती, म्हणून तो मला हे विचारू शकला.

त्या दिवशी संध्याकाळी मी थांबलो आणि बघितलं की आत हूटर आहे का नाही. होता! भिंतीवर छताजवळ, लाल रंगाचा, व्यवस्थित बसवलेला. शिडी लावून खोलला तर आत मुठीएवढा बर्फाचा गोळा, भोंग्याचं तोंड बर्फाने भरलेलं, टर्मिनल हिरवीगार झालेली आणि एक वायर हात लावल्याबरोबर तुटून हातात आली. वर्षाच्या मेंटेनन्सच्या कागदावर मात्र लिहिलं होतं, हूटर चार नग, चालू. कागद लिहिणाऱ्याने खोटं लिहिलं असं पण मी म्हणणार नाही, त्याने गेटजवळच्या पॅनेलवरून टेस्टचं बटण दाबलं असणार, हूटर वाजलेला ऐकला असणार आणि चारही वाजतात असं धरून चालला असणार. आत जाऊन, दार लावून, उभं राहून कुणी ऐकलंच नव्हतं.

आता हे असं का होतं ते नीट सांगतो, कारण बरेच मालक मला म्हणतात की अहो एवढा मोठा हूटर लावलाय, कोसभर ऐकू जातो, अजून काय पाहिजे.

चेंबरची भिंत म्हणजे पफ पॅनेल, दोन पत्र्यांच्या मध्ये चार इंच, फ्रीझर असला तर सहा इंच फोम. दार पण तसंच जाड, कडेने रबरी गॅस्केट, हवा जाऊ नये म्हणून गच्च बसणारं. जे दार गारवा बाहेर जाऊ देत नाही ते आवाज तरी आत कसा येऊ देईल. त्यात आत कूलिंग युनिटचे पंखे. ज्याने कधी आत काम केलंय त्याला माहीत आहे, पंखे चालू असताना शेजारी उभ्या असलेल्या माणसाला सुद्धा ओरडून सांगावं लागतं. त्यात छताला भिडलेल्या मालाच्या थप्प्या, गोण्या आणि बॉक्स आवाज पिऊन टाकतात. आणि शेवटी माणसाच्या कानावरची टोपी, ती काढा असं आपण सांगू शकत नाही, वजा वीसला कान उघडे ठेवून कोण काम करणार. मी त्या दिवसानंतर मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप टाकून चार-पाच ठिकाणी बघितलं, मोबाईलचं माप काही पक्कं नसतं हे मान्य, पण सगळीकडे दार लावलं की बाहेरच्या हूटरचा आवाज पंख्यांच्या आवाजाच्या खाली बुडत होता. खाली बुडाला म्हणजे तो तिथं नाहीच.

नियमात हे नाही असं कुणी समजू नका. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ च्या भाग ४ मध्ये आगीपासूनच्या सुरक्षेचं सगळं आहे आणि त्यात स्टोरेज इमारतींचा जो ग्रुप एच आहे त्याच्या यादीत कोल्ड स्टोरेजचं नाव आहे. फायर अलार्म कसा बसवायचा याचं भारतीय मानक आयएस २१८९, त्यात आवाजाचं माप दिलंय, कमीत कमी ६५ डेसिबल, किंवा तिथं जो गोंगाट तीस सेकंदापेक्षा जास्त चालू राहतो त्याच्यापेक्षा ५ डेसिबल जास्त, दोन्हीत जे मोठं असेल ते. कूलिंगचे पंखे तर दिवसभर चालू असतात. म्हणजे माप पंख्यांच्या वरचं पाहिजे आणि ते चेंबरच्या आत पाहिजे, गेटवर नाही. अमेरिकेतलं फायर अलार्मचं मानक एनएफपीए ७२ याहून कडक आहे, ते सरासरी गोंगाटाच्या १५ डेसिबल वर मागतं. आणि ज्यांना वाटतं की गोडाऊन म्हणजे काही कारखाना नव्हे, त्यांच्यासाठी सांगतो, १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये उत्पादन प्रक्रियेची जी व्याख्या होती त्यातच कोल्ड स्टोरेजमध्ये माल साठवणं हे धरलेलं होतं आणि त्याच कायद्याच्या कलम ३८ मध्ये आग लागली तर कामगारांना सुरक्षित बाहेर पडायची वाट असली पाहिजे आणि ती त्यांना माहीत पाहिजे असं सांगितलेलं होतं. आता त्या कायद्याच्या जागी नवे कोड आले तरी बाहेर पडायची वाट माहीत असून उपयोग काय, जर बाहेर पडायचंय हेच आत कळलं नाही.

लाईटबद्दल पण बोलतो. हूटरसोबत चमकणारा फ्लॅशर असतो, एनएफपीए ७२ मध्ये तो सक्तीचा कधी, तर गोंगाट १०५ डेसिबलच्या वर गेला तर. आपले चेंबर तेवढे काही गोंगाटाचे नाहीत, म्हणून मालक म्हणू शकतात की आम्हाला लागू नाही. पण मी म्हणतो टोपी घातलेला कान हा अर्धा बहिरा कानच आहे, त्याला आकडा कुठला लावायचा. फ्लॅशर लावाच. आणि लावताना दारावर एक लावून मोकळं होऊ नका, कारण थप्प्यांच्या मधल्या गल्लीत उभ्या माणसाला दारावरचा लाईट दिसत नाही. प्रत्येक गल्लीच्या टोकाला, माणसाच्या डोक्याच्या थोडा वर, जिथं नंतर माल लागून झाकला जाणार नाही असा. मी एका ठिकाणी फ्लॅशर बसवून आलो आणि सहा महिन्यांनी गेलो तर त्याच्यासमोर बटाट्याच्या पोत्यांची भिंत उभी होती, म्हणून आता मी फ्लॅशर बसवला की खाली जमिनीवर पिवळ्या पट्ट्याने चौकोन मारून देतो की इथं माल ठेवायचा नाही.

आता सामानाचं. यात खरं घोळ आहे आणि यात आम्ही वायरमन लोक पण तेवढेच जबाबदार आहोत. बाजारात जो साधा हूटर मिळतो, ऑफिसात शाळेत लावतो तो, त्याच्या पाठीवर किंवा माहितीच्या कागदावर तापमान लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा शून्य ते ४९ डिग्री. आम्ही ते वाचतच नाही. तोच उचलतो आणि वजा वीसमध्ये ठोकतो. बाहेर उघड्यावर लावायचा म्हणून वेगळा माल मिळतो, वजा ४० पर्यंत चालणारा, पाणी न शिरणारा, तो घ्यायला पाहिजे. मालक मंडळींना विनंती आहे की कोटेशन घेताना त्यात एक ओळ लिहून घ्या, आतल्या हूटरचं आणि फ्लॅशरचं चालायचं तापमान किती, चेंबर वजा वीसचा असेल तर त्याच्या खालचा आकडा दाखवा. एवढी एक ओळ असली तरी कॉन्ट्रॅक्टर साधा माल लावायला धजणार नाही.

आणि चांगला माल आणला तरी तो मरतो तो पाइपमुळे. बाहेरच्या गरम जागेतून कंड्यूट पाइप आत जातो, त्या पाइपमधून बाहेरची दमट हवा आत खेचली जाते, थंडीला ती गोठते आणि बरोबर हूटरच्या पेटीत जाऊन बर्फ होऊन बसते. त्या दिवशी मी बघितलेला तो मुठीएवढा गोळा असाच तयार झालेला. पाइप जिथं गरमातून थंडात जातो तिथं आत वायरींच्या भोवती सीलिंगची पुट्टी भरून पाइपचं तोंड बंद करायचं, एवढंच. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि मी जेवढे चेंबर बघितलेत त्यातल्या फार थोड्या ठिकाणी हे केलेलं दिसलं. पॅनेल आणि बॅटरी तर कधीच आत किंवा अँटी रूममध्ये ठेवू नका, थंडीत बॅटरीची ताकद उतरते आणि लाईट गेल्यावर जेव्हा ती लागणार तेव्हाच ती दगा देणार. वायर पण साधी पीव्हीसी थंडीत कडक होऊन तडकते, हलली की तुटते.

मग मालक विचारतात की हूटर ठीक, पण धूर ओळखायचं काय? साधा स्मोक डिटेक्टर शून्याच्या खाली चालत नाही, एनएफपीए ७२ मध्ये पण तसा तो शून्य डिग्रीच्या खाली लावायला मनाई आहे, खास त्यासाठी बनवलेला असेल तर गोष्ट वेगळी. दार उघडलं की जे धुकं येतं त्याला तो धूर समजतो. मग काय होतं, दिवसातून तीन वेळा खोटा अलार्म, लोक वैतागतात, आणि एक दिवस कुणीतरी पॅनेलवर तो झोन, म्हणजे तेवढ्या भागाचा अलार्म, बंद करून ठेवतो, मी असे झोन बंद केलेले पॅनेल कितीतरी बघितलेत, वर एक चिकटपट्टी लावलेली, हात लावू नये. अशा ठिकाणी आग ओळखायला यंत्र उरत नाही, फक्त माणूस उरतो आणि माणूस तर आत दाराआड. फ्रीझरसाठी हवा ओढून बाहेर तपासणारी पाइपची सिस्टीम मिळते, किंवा उष्णता ओळखणारी केबल छताला फिरवता येते, ते महाग आहे हे मला माहीत आहे. ते जमत नसेल तर निदान आत माणसाच्या हाताला लागेल असं अलार्मचं बटण द्या, दाराजवळ एक आणि लांब चेंबर असेल तर मागे एक. अडकलेल्या माणसासाठी जे मॅन ट्रॅप बटण असतं ते वेगळं, ते पण पाहिजेच, खाली जमिनीपासून हातभर उंचीवर, कारण पडलेला माणूस वरच्या बटणापर्यंत पोचत नाही.

एक गोष्ट मी स्वतः दोन ठिकाणी करून दिलीय आणि ती सगळ्यात जास्त उपयोगाची आहे असं माझं मत झालंय. अलार्म लागला की कूलिंगचे पंखे आपोआप बंद झाले पाहिजेत. पॅनेलमधून एक रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, घेऊन पंख्यांच्या स्टार्टरला द्यायचा, बस. पंखे थांबले की पहिलं, धूर चेंबरभर पसरत नाही. दुसरं, गोंगाट गेला की हूटर स्वच्छ ऐकू येतो. आणि तिसरं जे मला आधी सुचलंच नव्हतं, त्या कामगारांनी सांगितलं, की पंख्यांचा आवाज थांबला की आतला माणूस आपोआप मान वर करतो, काय झालं म्हणून बघतो. दिवसभर कानात तोच आवाज असतो ना, तो गेला की लगेच कळतं. मालाचं काय होईल असं विचाराल तर दहा-पंधरा मिनिटं पंखे बंद राहिल्याने वजा वीसचा माल काही विरघळत नाही.

आग लागली तर किती वेळ असतो हाताशी, याचा पण विचार करा. पत्र्याच्या आतला फोम पेटला की आग पत्र्यांच्या मधून पळते, बाहेरून दिसतच नाही, आणि पफच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो, हायड्रोजन सायनाईड असतो. खिडकी नाही, दार एकच. अमेरिकेत वुस्टर गावात ३ डिसेंबर १९९९ ला एका बंद पडलेल्या कोल्ड स्टोरेजला आग लागली, आत कुणी अडकलंय म्हणून अग्निशमनचे जवान शिरले आणि बिनखिडकीच्या त्या इमारतीत वाट चुकून सहा जवान गेले. जे रोज आगीतच काम करतात तेच आत वाट चुकले. कोरियात इचॉनला ७ जानेवारी २००८ ला नवं कोल्ड स्टोरेज बांधून होत आलेलं असताना आग लागली, ४० माणसं गेली. आणि लांब कशाला जायचं, आपल्या बेळगावजवळ नावगेत ऑगस्ट २०२४ मध्ये कारखान्याला आग लागली तेव्हा एक तरुण पोरगा लिफ्टमध्ये अडकून गेला. ते काही कोल्ड स्टोरेज नव्हतं, पण बंद पेटीत अडकलेल्या माणसाचं काय होतं ते आपण सगळ्यांनी तेव्हा बघितलंय.

आणि आपल्याकडे आत काय भरलेलं असतं बघा. सीझनला अथणीकडचा बेदाणा, संकेश्वर-निपाणीचा गूळ, सुकी मिरची, चिंच, बी-बटाटा, सगळं गोणपाटात नाहीतर पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये. थंड आहे म्हणून पेटत नाही असं लोकांना वाटतं. प्लस चारला ठेवलेली मिरचीची गोणी ही सुकी गोणीच असते, ठिणगीला तिचं तापमान काय त्याचं देणंघेणं नाही. मिरचीचा धूर काय असतो ते घरात फोडणी करपल्यावर सगळ्यांना कळतंच, तोच धूर दार बंद चेंबरमध्ये हजारो गोण्यांचा विचार करा. फेब्रुवारी ते एप्रिल बेदाण्याच्या दिवसात तर चेंबर दाराच्या तोंडापर्यंत भरलेले असतात, आत जायची गल्ली माणूस आडवा होऊन जाईल एवढीच ठेवतात, आणि नेमक्या त्याच दिवसात हमाल जास्त, नवीन, रोजंदारीवर आलेले.

अमोनियाचं, म्हणजे कूलिंगच्या गॅसचं, पण इथंच सांगतो कारण दोन्ही गोष्टींचा हूटर बऱ्याच ठिकाणी एकच आहे आणि ते चूक आहे. आग लागली तर माणसाने जवळच्या दाराने बाहेर पडायचं असतं. अमोनिया सुटला तर वारा कुठून येतोय ते बघून त्याच्या आडव्या दिशेला जायचं असतं, प्लांट रूमच्या बाजूचं दार त्यावेळी नको. दोन्हीला एकच भोंगा असेल तर माणूस कुठल्या दाराकडे जाणार. आगीसाठी आंतरराष्ट्रीय मानकात एक ठरलेला ठेका आहे, तीन वेळा वाजतो, थांबतो, परत तीन वेळा, तो आगीला ठेवा आणि अमोनियाला सलग वर-खाली होणारा वेगळा आवाज द्या, छपरावर वारा दाखवणारी कापडी पिशवी लावा. आणि हे दोन्ही आवाज नवीन आलेल्या प्रत्येक हमालाला पहिल्या दिवशीच ऐकवा.

भाषेचं बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. आपल्या भागात एका चेंबरमध्ये मराठी, कन्नड आणि हिंदी बोलणारी माणसं शेजारी शेजारी थप्पी लावत असतात, हे आपलं रोजचं आहे, त्यात नवीन काही नाही. पण आतल्या दारावर जी पाटी असते ती बहुतेक इंग्रजीत, दार उघडायचा खटका ढकला म्हणून. बाहेरच्या बोर्डावर कुठली भाषा याचा वाद मोठा आहे, तो आपण इथं नको. आतल्या पाटीवर तिन्ही भाषा पाहिजेत आणि सोबत चित्र पाहिजे, कारण आमच्यातले काही जण तिन्हीपैकी एकही वाचू शकत नाहीत. आणि आता बोलणारे हूटर मिळतात, चिपमध्ये आपण रेकॉर्ड करू ते बोलतात. त्यात इंग्रजी बाईचा आवाज ठेवण्यापेक्षा आपल्याच ऑपरेटरच्या आवाजात भरा, "आग लागलीय, भाईर या," मग कन्नडमध्ये "बेंकी हत्तैती, होरग बर्री," मग हिंदीत. मी एका ठिकाणी तसं भरून दिलं, तिथल्या ऑपरेटरचाच आवाज, आणि टेस्ट घेतली तेव्हा आतली पोरं बाहेर आली ती त्याचं नाव घेतच आली, कारण ओळखीचा आवाज होता, त्यांना वाटलं तोच बोलावतोय. मला तर वाटतं भोंग्यापेक्षा माणसाचा आवाज लवकर पोचतो.

दाराबाहेर एक फळी, त्यावर खिळे आणि प्रत्येकाच्या नावाचं टोकन. आत जाताना टोकन अडकवायचं, बाहेर आलं की काढायचं. त्या दिवशी आमच्याकडे ती फळी असती तर कोण आत आहे हे मोजत बसावं लागलं नसतं. तसंच पॅनेलजवळ आपल्या तालुक्याच्या अग्निशमन ठाण्याचा थेट नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. १०१ आहे, ११२ आहे, पण निपाणी-कागवाडकडे मोबाईल कधी इकडचा टॉवर धरतो कधी पलीकडचा महाराष्ट्रातला, त्या गडबडीत पत्ता समजावून सांगत बसायला वेळ नसतो.

आता साहेब, तुमच्याकडे माझं मागणं. तुमच्याकडे माणसं कमी आहेत, भाग मोठा आहे, हे आम्ही बघतोच. तपासणीला आलात की यादी बघता, सिलेंडरची तारीख बघता, हूटर वाजवून बघता. माझी विनंती एवढीच की त्या यादीत एक काम जास्त घाला. तुमच्या माणसाने जर्किन आणि टोपी घालून चेंबरमध्ये सगळ्यात मागच्या गल्लीत जाऊन उभं राहायचं, दार लावायचं, पंखे चालू ठेवायचे आणि मग बाहेरून हूटर वाजवायचा. आत ऐकू आला, लाईट दिसला, तर पास. नाही आला तर त्या दिवशी सही करू नका. याला यंत्र लागत नाही, खर्च लागत नाही, दहा मिनिटं लागतात. मालकाने कितीही महागाचं पॅनेल बसवलेलं असू दे, ही एक टेस्ट त्यातलं खरं-खोटं लगेच सांगते. फॅक्टरीज खात्याच्या साहेबांनी पण मॉक ड्रिलच्या रिपोर्टमध्ये एक रकाना वाढवावा, हूटर वाजल्यापासून चेंबरमधला शेवटचा माणूस बाहेर यायला किती मिनिटं लागली. आता ड्रिलमध्ये होतं काय, सगळे आधीच अंगणात येऊन उभे असतात, आत कुणी नसतंच.

दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह असतो, १९४४ ला मुंबई गोदीत स्फोट झाला आणि अग्निशमनचे ६६ जण गेले त्यांच्या आठवणीत. शाळेत, बसस्टँडवर, हॉस्पिटलमध्ये तुम्ही प्रात्यक्षिकं दाखवता, पोरं टाळ्या वाजवतात, ते चांगलंच आहे. या वेळी एक प्रात्यक्षिक कोल्ड स्टोरेजच्या दारात घ्या. एप्रिलमध्ये बेदाण्याने चेंबर भरलेले असतात, त्याहून खरी परीक्षा दुसरी नाही.

मालक मंडळींनो, तुम्ही मला कामं देता, तुमच्या घरातल्या लग्नाकार्याला बोलावता, तुमच्याशी मी वाकडं बोलणार नाही. पण माल विम्यात आहे, माणूस विम्यात असून उपयोग नाही. चेंबरला एक थंडीचा हूटर, गल्लीगणिक फ्लॅशर, पाइपला पुट्टी, पंख्याला रिले, याला एका गाडीच्या मालाएवढे सुद्धा पैसे लागत नाहीत. ज्याला कुणाला हे बघून घ्यायचंय त्याच्याकडे मी येतो, टेस्टचे पैसे घेणार नाही. मागच्या गल्लीत मीच उभा राहतो, टोपी घालून, दार लावून. हूटर किती वाजता वाजवणार ते मात्र मला आधी सांगू नका.

आपला,
निपाणी भागातला एक वायरमन